डाखोऱ्यांची रायमुनिया

माणूस फुकटात राबताना दिसला की त्याच्यावर नजर ठेवावी, याबाबतीत आमच्या कॉलनीचं एकमत होतं. एरवी नळाच्या वेळेपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत कशावरही एकमत न होणारी ही कॉलनी. नागपूरच्या पश्चिमेला, गाव संपता संपता, एका बुटक्या टेकडीच्या पायथ्याशी नोकरदारांनी कर्ज काढून बांधलेली घरं. आणीबाणी नुकतीच उठली होती, आणि कोण कोणाचा माणूस आहे याचा अंदाज घेतल्याशिवाय कोणी कोणाला चहाला बोलवत नसे. अशा दिवसांत एक टोपीवाले गृहस्थ रोज सकाळी कुदळ खांद्यावर टाकून टेकडी चढू लागले, आणि उन्हं तापल्यावर हात ओरबाडलेले, धोतर काट्यांनी फाटलेलं, असे खाली उतरू लागले.

हे नारायणराव डाखोरे. रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झालेले, शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात एकटे राहणारे. ते टेकडीवर काय करतात हे सगळ्यांना दिसत होतं. रायमुनिया उपटत होते. पुस्तकात जिला घाणेरी म्हणतात ती आमच्याकडची रायमुनिया. नारिंगी-गुलाबी फुलांचे गेंद, काळी फळं, आणि अंगाला नुसतं घासलं तरी उग्र वास. अख्खी टेकडी तिनं गिळली होती. प्रश्न होता तो, हे गृहस्थ ती काहून उपटतात?

कॉलनीत तीन मतं होती. भोसल्यांच्या वेळचं गुप्तधन, हे पहिलं. आधी देऊळ बांधायचं आणि मागाहून प्लॉट पाडायचे, हे दुसरं. तिसरं मत आमच्या कॉलनी मंडळाचे सेक्रेटरी सरोदे यांचं होतं. ते म्हणायचे, "काही तरी असनच." या मताचा फायदा असा की ते कधीच खोटं पडत नाही.

मी तेव्हा महालातल्या एका शाळेत शिकवत होते. स्वभावानं मीही काही भोळी नाही. भाजीवाल्याचा तराजू मी दोन्ही पारड्यांखाली हात घालून बघते. एका रविवारी मी सरळ टेकडीवर गेले. डाखोऱ्यांनी कुदळ थांबवली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी काहून आल्या?"

"बघायला," मी म्हटलं.

"पाह्याले कोणी इतक्या वर येत नाही. कोणी पाठवलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्याच्यावर अख्खी कॉलनी संशय घेते आहे तो माणूस आपल्या सगळ्यांपेक्षा मोठा संशयखोर आहे. मला ते फार आवडलं. मी साडीचा पदर खोचला आणि एक झुडूप धरून ओढलं. ते जमिनीपाशी कटकन तुटलं. डाखोऱ्यांनी ते माझ्या हातून घेतलं, तुटलेली बाजू बघितली आणि म्हणाले, "हे तुमी तिचे केस कापून देल्ले, मास्तरीणबाई. मुंडकं तं अंदरच हाय."

त्यानंतर रविवारी आणखीही माणसं येऊ लागली, आणि जो कोणी यायचा त्याची हीच परीक्षा. उपटलेल्या झुडपाचं मूळ डाखोऱ्यांना दाखवल्याशिवाय ते ढिगावर टाकता येत नसे. मूळ अर्धवट आलं असेल तर ते त्या माणसाकडे असं बघत, जणू उरलेलं त्यानं खिशात लपवलंय. मालधक्क्यावर जन्म गेला होता. पोत्यावर गहू लिहिलं असेल तर आत गहूच आहे हे त्यांनी कधी मानलं नव्हतं. ते सगळं उचलून बघत. चहाचा कप आधी हातात जोखत, मग हुंगत, मग पीत. कुदळी-फावड्यांच्या दांड्यांवर त्यांनी तापल्या सळईनं खुणा केल्या होत्या. कोणी चार रविवार नेमानं आला की त्यांचा संशय कमी होण्याऐवजी वाढत असे. "हा पोट्टा इतका सुधा काहून वागून राहिला?" असं ते मला बाजूला घेऊन विचारत. त्यांचं चुकतही नसे म्हणा. एकजण सरपणासाठी येत होता, एकाला नगरसेवक व्हायचं होतं, आणि एका कॉलेजकुमाराला आमच्यातलीच एक कॉलेजकन्या बघायची होती. डाखोऱ्यांनी तिघांचंही ओळखलं आणि तिघांकडूनही काम करून घेतलं.

रायमुनियेवर मात्र त्यांचा राग खरा होता. लहानपणी ते मामाची गुरं घेऊन याच टेकडीवर यायचे. तेव्हा इथं तिखाडी गवत होतं, पळस होते, सालई होत्या. मग कुठल्या तरी साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणातून ही बाई निसटली, बुलबुलांनी फळं खाऊन बी पसरवलं, आणि तिच्या सावलीत दुसरं काही उगवेना. "हिचं गाव कोनतं? मुलूख कोनता?" झुडपाच्या बुंध्यावर कुदळ टेकवून ते विचारत. "बिनबोलावली येऊन बसली, घरच्यायलेच हाकलून राहिली. चोर घरात शिरला तं आपण पाहत बसाचं का?" दुसऱ्या पावसाळ्यात, जिथं आम्ही मुळासकट साफ केलं होतं तिथं तिखाडी उगवली. डाखोऱ्यांनी एक पातं तोडलं, चुरगाळलं, हुंगलं. आणि पुन्हा हुंगलं. एरवी पहिल्या वासावर ते कशालाच खरं मानत नसत, पण त्या दिवशी त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

उपटलेली झुडपं जमिनीवर टाकली तर पावसात पुन्हा मूळ धरतात, म्हणून डाखोरे ती पळसाच्या फांद्यांवर उलटी टांगून ठेवत. मुळं वर आभाळाकडे, शेंडे खाली. एका हंगामात टेकडीवरच्या प्रत्येक झाडाला असे वाळके सांगाडे लोंबू लागले. नेमकी त्याच दिवसांत सरोद्यांच्या शेजारच्यांची म्हैस आटली. झालं! करणी आहे, असं ठरायला एक संध्याकाळ पुरली. माणसं काठ्या घेऊन डाखोऱ्यांच्या दारात गेली. डाखोऱ्यांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आत गेले, एक वाळकं झुडूप आणलं आणि स्वतःच्याच दाराच्या चौकटीला उलटं टांगलं. "घ्या. आता माह्या घरावर बी करणी झाली. मी मेलो तं तुमचं खरं." ते काही मेले नाहीत. उलट चार दिवसांनी म्हैस गाभण असल्याचं कळलं, आणि त्याचं श्रेयही काही लोकांनी झुडपालाच दिलं.

टेकडीच्या पलीकडच्या उताराला, नाल्याच्या काठी एक झोपडवस्ती होती. विटाभट्टीवर आणि बांधकामावर जाणारी माणसं. जागा सरकारी, त्यामुळे कॉलनी त्यांना "अतिक्रमण" याच नावानं ओळखत असे. डाखोऱ्यांना वाटलं, कामाची सवय असलेली माणसं आहेत, चार गडी आले तर बरं. मला बरोबर घेऊन ते वस्तीत गेले आणि पहिल्याच झोपडीपाशी उभं राहून त्यांनी मालधक्क्याच्या आवाजात विचारलं, "घरात गडीमाणसं किती?"

टोपी, पिशवी, सोबत शिकलेली बाई आणि हा प्रश्न. नसबंदीची मोहीम संपून वर्षही झालं नव्हतं. झोपड्यांच्या मागच्या बाजूनं बांबू करकरले, आणि बघता बघता वस्तीतले सगळे पुरुष नाल्यापार झाले. एक म्हातारी तेवढी चुलीपुढून उठली नाही. ती पार्बताबाई.

"आमच्या इथी गडीच नाही," ती म्हणाली. "समदे मेले."

डाखोऱ्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांकडे पाहिलं. "मंग हे कोणाचे व माय?"

"मेलेल्यायचेच."

डाखोरे हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी रायमुनियेचं सगळं समजावून सांगितलं. पार्बताबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे किती भेटते?"

"काहीच नाही."

"मंग काहून उपटता, बाबूजी? खरं सांगा. सोनं हाय ना खाली?"

परत येताना डाखोरे वाटभर खूश होते. "लय पक्की बाई हाय," ते म्हणत राहिले. कोणी कामाला आलं नाही, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही वरून साफ करत करत पलीकडच्या उताराला, वस्ती आणि टेकडीच्या मधल्या पट्टीपाशी पोचलो. तिथली रायमुनिया सगळ्यांत दाट, पुरुषभर उंच. डाखोऱ्यांनी पहिला घाव घातला, तोच खालून ओरडा झाला. पार्बताबाई धावत आली, तिच्यामागे तिची सून, आणखी चार-पाच बाया. पार्बताबाई झुडपांना पाठ लावून उभी राहिली.

"इथं नोको."

"काहून?"

"नोको म्हटलं ना."

डाखोऱ्यांचे डोळे बारीक झाले. "अंदर काय लपवलं? मोहाची गाळून राहिले का?"

 पार्बताबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात डालड्याचा डबा होता, पाण्यानं अर्धा भरलेला. सुनेच्या हातातही होता. "बाई, तुमीच सांगा यायले," ती हळू आवाजात म्हणाली. "हे झाकण गेलं तं आमी बायायनं कुठी जाचं?"

मला काही सांगावं लागलं नाही. डाखोऱ्यांची नजर डब्यावर गेली, आणि लगेच जमिनीवर. कानापर्यंत लाल झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग मागे उभ्या असलेल्या पोरांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "इथली जमीन पाणथळ हाय. मूळ निघणार नाही. चला वरती." साफ खोटं. त्या उताराला पाण्याचा टिपूस नव्हता.

त्या दिवसापासून ती पट्टी सोडायची असं ठरलं. त्यांनी वरच्या बाजूनं चुन्यानं रंगवलेले दगड लावले आणि त्याखाली कोणी उतरायचं नाही, असा हुकूम काढला. का, ते कोणालाच सांगितलं नाही. मलाही बजावलं. मी म्हटलं, सांगितलं तर लोकांना पटेल. ते म्हणाले, "कॉलनीले? बाई, तुमी माणसं पाह्यले नाही. आज सांगानं की बाया इथी येते, उद्या हे लोक अर्ज करन की घाण होऊन राहिली, वस्ती उठवा. त्यायले निमितच पाह्यजे." मी माणसं पाहिली नव्हती असं नाही. पण त्यांच्याइतकं वाईट मी कोणाबद्दल धरून चालत नव्हते.

पुढं जे झालं त्यात ते बरोबर निघाले, याचं मला आजही वाईट वाटतं.

वरून टेकडी मोकळी होत गेली तशी ती एकच हिरवी पट्टी लांबून उठून दिसू लागली. सरोद्यांना तेवढंच हवं होतं. जो माणूस काडीएवढं मूळ सोडत नाही, त्यानं एवढा पट्टा सोडला? काही तरी असनच! या वेळी मात्र त्यांनी 'काही तरी'ला नाव दिलं. आत हातभट्टी आहे आणि डाखोऱ्यांचा त्यात वाटा आहे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्याबद्दल. पण लोकांना ते पटलं, कारण इतकी वर्षं फुकट राबण्याचा अर्थ एकदाचा लागला होता.

टेकडी सरकारी, आणि तिथं काम करायचा वनखात्याचा परवाना डाखोऱ्यांच्या नावानं होता. सरोद्यांनी अर्ज केला. एक साहेब आले. सरोद्यांच्याच अंगणात सतरंज्या टाकून बैठक झाली. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "डाखोरे, ती पट्टी पुढच्या रविवारी साफ करा, की झालं. तुमचं काम चालू राहू द्या. नसेल करायची, तर कारण सांगा."

"तेवढी मी करत नाही," डाखोरे म्हणाले.

"कारण?"

"कारण नाही."

अंगणात कुजबूज झाली. सरोदे उठले. बोलण्याची त्यांना आवड होती. "साहेब, डाखोरेच आम्हाला शिकवतात, बिनबोलावलं जे येऊन बसते ते मुळापासून काढलं पाहिजे. मी म्हणतो, तिथली रायमुनिया पण काढा आणि तिच्या आडोशानं वाढलेली ती वस्ती पण काढा. एकाच जातीचं गवत आहे ते."

लोक हसले. मी डाखोऱ्यांकडे पाहिलं. मालधक्क्यावर हमालांना दम देणारा तो माणूस कोणी थोबाडीत मारल्यासारखा बसला होता. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडातून असे निघतील, हा एकच संशय त्यांना कधी आला नव्हता. माझ्यानं राहवेना. मी उठले, "साहेब, मी सांगते—"

"बाई, बसा." डाखोऱ्यांनी इतक्या जोरात म्हटलं की आतल्या खोलीतलं पोर रडायला लागलं. मग त्यांनी खिशातून परवान्याचा कागद काढला, साहेबांपुढे सतरंजीवर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि चपला घालून निघून गेले. ज्या माणसाला चांगलं नाव मिळवायला चाळीस वर्षं लागली होती तो दारूवाला ठरून घरी गेला. टेकडीही गेली. आणि मागे राहिलेल्या सतरंजीवर लोक चिवडा खाऊ लागले, याचा मला संताप आला.

पुढच्याच आठवड्यात सरोद्यांनी मजूर लावून ती पट्टी भुईसपाट केली. स्वतः पुढे होऊन, काठीनं झुडपं बाजूला सारत ते आत घुसले. हातभट्टी सापडली नाही. जे सापडलं ते त्यांच्या नव्या कोल्हापुरी चपलेला लागलं. ती चप्पल त्यांनी तिथंच टाकली आणि एका पायात चप्पल घालून घरी आले. खरं काय ते त्या दिवशी सगळ्या कॉलनीला कळलं. डाखोऱ्यांच्या दारात मात्र कोणी गेलं नाही. उलट ते म्हणाले होते तसंच झालं, वस्तीविरुद्ध घाणीचा अर्ज गेला. तो कुठल्या तरी टेबलावर पडून राहिला, ही वस्तीची पुण्याई.

झाकण गेल्यावर बायांचे हाल झाले. पार्बताबाई आमच्या गल्लीत एका बांधकामावर होती, तिच्याकडून मला कळायचं. उजाडायच्या आत पार रस्त्यापलीकडे जावं लागे. ट्रकवाले दिवे टाकत. दुपारनंतर बाया पाणी पीत नसत. सून पोटुशी होती, तिला ते जमेना. जुन्या लुगड्यांचा आडोसा केला, तो कोणी तरी ओढून नेला. डाखोरे त्या दिवसांत कोणाला दिसत नव्हते. रविवारची पोरं पांगली. टेकडीवर, आम्ही जिथून रायमुनिया काढली होती तिथं, चुकून राहिलेल्या मुळांना पुन्हा फुटवे आले होते. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं नाद सोडला.

उन्हाळ्यात माझ्या मिस्टरांची बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडलं. त्याआधी, थंडी सरता सरता, मी त्यांना शेवटचं पाहिलं. माझी सकाळची शाळा होती. बसस्टॉपला जवळ पडतं म्हणून मी टेकडीच्या मागच्या वाटेनं निघाले होते. नुकतं फटफटत होतं. नाल्याच्या वरच्या अंगाला, त्या उघड्याबोडक्या पट्टीत कोणी तरी उकिडवं बसलेलं दिसलं. अशा वेळी, अशा जागी पुरुष. मी दगड उचलला.

डाखोरे होते. शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेली फांद्यांची मोळी. कुदळीनं खड्डा करायचा, एक फांदी रोवायची, अंगठ्यानं माती दाबायची, पुढं सरकायचं. त्यांच्यामागून पार्बताबाई डालड्याच्या डब्यानं पाणी घालत होती. मी जवळ गेले तेव्हा वासावरूनच कळलं.

"डाखोरे, ही रायमुनिया आहे!"

"मंग दुसरं काय लावू?" ते मान वर न करता म्हणाले. "तुराट्यायची ताटी केली तं लोक चुलीत घालते. बांबू लावला तं बकऱ्या खाते. हिले कोणी तोंड लावत नाही. पाणी घातलं तं पावसाळ्यापर्यंत कमरेएवढी होईन, पुढच्या वर्षी डोक्याएवढी." हात पूर्वीसारखेच ओरबाडलेले होते. एक फांदी त्यांनी ओढून पाहिली, सैल वाटली म्हणून पुन्हा खोल रोवली.

मला रडू आलं. मी पदरानं डोळे पुसले, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

खालून चार-पाच बाया येऊन थोड्या अंतरावर थांबल्या होत्या. सून त्यांच्यात होती, अवघडलेली. पार्बताबाई म्हणाली, "बाबूजी, उजाडून राहिलं."

"हो व माय." डाखोरे गुडघ्यावर हात टेकून उठले. कुदळ घेतली, टोपी सारखी केली आणि पायांपुरतं बघत चढण चढू लागले. वाट जिथं रस्त्याकडे वळते तिथं ते थांबले आणि आमच्याकडे पाठ करून, वाट अडवून उभे राहिले. रस्त्यावरून एक सायकलवाला खाली उतरू पाहत होता. त्याला त्यांनी हात आडवा केला. तो काहीतरी बोलला. ते हलले नाहीत.